विली पडल्यानंतर: सिडकोतल्या दोन भावांचं एक प्रकरण

प्रकरण नाशिकच्या सिडकोतल्या दोन सख्ख्या भावांचं आहे. थोरला दहावीत, धाकटा सातवीत. त्यांची आई माझी ताई, म्हणजे मी त्यांचा मामा. नावं देत नाही, थोरला आणि धाकटा एवढ्यावर काम भागतं. दाजी अंबडच्या एमआयडीसीत शिफ्टला असतात. घरात कॉम्प्युटर एकच आणि तो हॉलमध्ये, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर. मी व्हिडिओ गेममधल्या गोष्टींवर लिहीत असतो, त्यामुळे भांडण चिघळल्यावर ताईचा फोन मला आला: "तुझ्या त्या गेमच्या नादानेच झालंय हे. आता तूच निस्तर."

खेळ होता 'डबल ड्रॅगन'. टेक्नॉस जपान या कंपनीने १९८७ साली आर्केडसाठी, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनसाठी काढलेला. दिग्दर्शक योशिहिसा किशिमोतो. आदल्या वर्षी त्यांचाच 'कुनिओ-कुन' आला होता, गल्लीतल्या मारामारीचा. त्यात एका वेळी एकच जण लढायचा. 'डबल ड्रॅगन'मध्ये दोघं शेजारी उभे राहून एकत्र लढू शकतात, आणि त्या काळी हेच त्याचं मोठं आकर्षण होतं. किशिमोतो ब्रूस लीचे चाहते, म्हणून नायकांचं आडनाव ली. बिली ली आणि जिमी ली, सख्खे भाऊ. ब्लॅक वॉरियर्स नावाची टोळी मॅरियन नावाच्या मुलीच्या पोटात गुद्दा मारते आणि तिला खांद्यावर टाकून पळवते. गॅरेजचं दार वर जातं, भाऊ बाहेर पडतात. शहर, कारखाना, जंगल आणि मग टोळीचा अड्डा, असे चार टप्पे. वाटेत भिंत फोडून येणारा टकला अबोबो, आणि सगळ्यात शेवटी मशीनगनवाला विली. गोष्ट एवढीच. पोस्टकार्डावर मावेल.

थोरला निळा बिली, धाकटा लाल जिमी. रविवारी बाबांनी दिलेल्या वेळात दोघं कॉम्प्युटरवर हीच आर्केडची आवृत्ती खेळायचे आणि दर वेळी कुठेतरी अडायचे. ज्या रविवारी विली पडला, त्या दिवशी धाकट्याने कंट्रोलर सोफ्यावर टाकला आणि तो स्वयंपाकघरात पळाला. "आई, संपवला! चल ना बघायला!" ताईचे हात कणकेचे. ती तशीच बाहेर आली, तर पडद्यावर लाल माणूस जमिनीवर आडवा आणि मॅरियन निळ्याला चुंबन देतेय. ताई म्हणाली, "हे असलं दाखवायला बोलावलंस का मला?"

धाकट्याला कळायला थोडा वेळ लागला. विली मेल्यावर खेळ संपत नाही. दोन्ही भाऊ जिवंत असतील, तर त्यांना एकमेकांशी लढावं लागतं. एकच उरेपर्यंत. जो उरेल त्याच्याकडे मॅरियन येते. धाकटा आईला बोलवायला गेला होता, तेवढ्यात मागे थोरल्याने त्याच्या बिनमालकाच्या जिमीला निवांत झोपवलं होतं. आणि मुख्य म्हणजे, विली पडल्यावर थोरल्याने आपला कंट्रोलर खाली ठेवलाच नव्हता. पुढे काय होणार हे त्याला ठाऊक होतं.

इथवर कुठल्याही घरात घडेल असं. पण मंगळवारी धाकट्याने बाबांना सांगितलं, की प्रिलिम जवळ आलेली असताना दादा रात्री सगळे झोपल्यावर गेम खेळत बसतो. दाजींनी कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलला आणि, हे नीट लक्षात ठेवा, नवा पासवर्ड धाकट्याला दिला. "हा खरं बोलतो, याच्याकडे राहू दे." थोरल्याने धाकट्याला घरभेदी म्हटलं. धाकटा त्याच्या सायकलवर डबलसीट क्लासला जायचा, तो चालत जायला लागला. जेवायला दोघं वेगवेगळ्या वेळी. ताईचं पालुपद सुरू झालं, अरे रामलक्ष्मणासारखं राहा. पंचवटीत माहेर असलेल्या बाईच्या तोंडी दुसरी कुठली उपमा येणार!

थोरल्याला मी मिसळ खायला नेलं. पहिली तर्री मारेपर्यंत गप्प होता, मग सुटला. त्याचं म्हणणं तीन भागांत होतं, आणि ते त्याने वकिलासारखं क्रमाने मांडलं. एक, लढाई मी लावली नाही, गेमने लावली. दोन, जिमी गद्दारच असतो. त्याने एका व्हिडिओत पाहिलं होतं, की शेवटी लाल भाऊच टोळीचा म्होरक्या निघतो. "मी नसतं मारलं तर त्याने मारलं असतं, मामा." आणि तीन, जे तो पाव संपल्यावर, खाली बघत बोलला: "आधी सांगितलं असतं तर तो पहिल्या लेव्हलपासूनच मला मारत सुटला असता."

दुसरा मुद्दा तपासण्यासारखा होता, कारण तो अर्धा खरा आहे. थोरल्याने पाहिला तो व्हिडिओ आर्केडचा नव्हता, निन्टेंडोवर १९८८ साली आलेल्या आवृत्तीचा होता. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे कॅसेटवाले गेम आले, त्यावर चालायची ती ही जात. त्या आवृत्तीत दोघांना एकाच वेळी खेळता येत नाही. आळीपाळीने खेळायचं: एक मेला की दुसऱ्याची पाळी. मारामारीचे डावही सुरुवातीला सगळे येत नाहीत, गुण साठतील तसे एकेक हृदय मिळतं आणि नवा डाव उघडतो. म्हणजे पडद्यावर भाऊ एकटाच. मग दुसऱ्या भावाचं करायचं काय? त्यांनी त्याला खलनायक केलं. विलीला पाडल्यावर जिमी समोर येतो आणि कळतं, की टोळीचा खरा सूत्रधार तोच.

आर्केडच्या मूळ गोष्टीत जिमीने काहीही केलेलं नाही. तो बिलीबरोबर त्याच गॅरेजमधून निघतो, त्याच लाथा खातो, त्याच पुलावरून उड्या मारतो. त्याची गद्दारी पटकथाकाराला सुचली म्हणून आलेली नाही. शेजारी बसून खेळायची सोय गेली, रिकाम्या झालेल्या भावाला काहीतरी काम द्यायला हवं होतं, आणि गद्दारी हे सगळ्यात स्वस्त काम होतं. हा माझा अंदाज आहे, पण दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवल्या की दुसरं कारण मला दिसत नाही. तेव्हा थोरल्याने एका खेळातला आरोप दुसऱ्या खेळातल्या माणसावर ठेवला होता. सिडकोतल्या हॉलमधला जिमी निर्दोष होता. मी हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मी नेटवरचं नीट वाचलं नाही, एवढंच ना?" दहावीतल्या मुलाशी वाद घालणं सोपं नाही.

धाकटा माझ्याकडे पंचवटीत राहायला आला होता. त्याला बोलतं करायला काही खाऊ घालावं लागलं नाही. हरल्याबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. त्याचं दुखणं वेगळंच होतं. "जंगलाच्या लेव्हलला दादा म्हणायचा, तू पुढे हो, मी मागे सांभाळतो. त्याला तेव्हापण माहीत होतं." मी विचारलं, तो तुझ्याशी खोटं बोलला का? "नाही. गप्प बसला." मग चुगलीचा विषय काढला. तो तितक्याच शांतपणे म्हणाला, "मीपण खोटं नाही बोललो. बाबांना खरं तेच सांगितलं."

दोघांनी एकमेकांना जे लावलं ते खरं तर एकच हत्यार होतं. एकाने खरं दडवलं, दुसऱ्याने खरं उघड केलं. खोटं कोणीच बोललं नाही, म्हणून माफी कोण मागणार?

आमची आई, म्हणजे मुलांची आजी, बाजूला वाती वळत ऐकत होती. रामलक्ष्मणाचा जप तिला मान्य नव्हता. "तुमचं हे वाली-सुग्रीवाचं आहे," म्हणाली. आणि तिने धाकट्याला किष्किंधेची गोष्ट सांगितली. दोघा भावांची पहिली झुंज झाली तेव्हा राम झाडाआड बाण घेऊन उभा होता, पण दोघं दिसायला इतके सारखे, की कोणाला मारायचं ते कळेना. सुग्रीव मार खाऊन परत आला. मग दुसऱ्या वेळी लक्ष्मणाने त्याच्या गळ्यात गजपुष्पीची वेल माळेसारखी घातली, ओळखू यावा म्हणून. धाकटा एकदम म्हणाला, "आजी, आमच्यात पण सेमच आहे! फक्त रंग वेगळा." बरोबर आहे त्याचं. बिली आणि जिमी हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेलं. ताकद तीच, डाव तेच, कोपराचा तो कुप्रसिद्ध फटका दोघांनाही येतो: पंच आणि जंपची बटणं एकत्र दाबली की मागच्या माणसाचं तोंड फुटतं. दोघांत एकाला जास्त काहीच दिलेलं नाही. मग शेवटी फरक पडतो तो खेळाबाहेर, म्हणजे आधी कोणाला काय माहीत होतं इथे.

भावाकडून भावाला दगा ही गोष्ट खेळांत नवी नाही. २०१६ च्या 'अनचार्टेड ४'मध्ये सॅम हा थोरला भाऊ धाकट्या नेटला सांगतो, की एका ड्रग माफियाने मला तुरुंगातून सोडवलंय, आता खजिना शोधून दिला नाही तर तो मला मारेल. नेट बायकोशी खोटं बोलून त्याच्याबरोबर जातो. बऱ्याच पुढे कळतं, की तो माफिया आधीच मेलेला आहे आणि सॅमला तुरुंगातून काढणारा दुसराच होता. लेखकांची करामत अशी, की ती खोटी सुटका आपल्याकडून बटणं दाबून खेळून घेतलेली असते. आपण स्वतः पळालो, गोळ्या चुकवल्या, म्हणून ती खरी वाटते. तिथे दगा लिहिलेला आहे, अभिनयासकट.

'डबल ड्रॅगन' एक वाक्य लिहीत नाही. तो फक्त दोघांसमोर एक बक्षीस ठेवतो, तेही जिवंत बाई, जिला कोणी विचारलेलं नाही, आणि बाजूला होतो. माझ्या पिढीला हा प्रकार 'कॉन्ट्रा' या दोघांनी खेळायच्या गेममधल्या धबधब्यावर भेटला होता. पडदा वर सरकतो तो पुढच्याच्या चालीने, आणि मागे राहिलेला पडद्याबाहेर गेला की मरतो. नाशिकमध्ये किती दादा लोकांनी तिथे "चल ना लवकर" म्हणत भावाला मारलं असेल, मोजदाद नाही. गोष्टीत ते दोघं जिवलग साथीदार होते. (पुढे २००२ साली 'कॉन्ट्रा: शॅटर्ड सोल्जर'मध्ये त्यातल्या लान्सलाही, म्हणजे दुसऱ्या खेळाडूच्या पात्रालाही, गद्दार केलंच. दुसऱ्या खेळाडूच्या नशिबी बहुतेक हेच असतं.)

आता घराकडे. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात वाईट खेळी दोन्ही मुलांची नव्हती, दाजींची होती. पासवर्ड धाकट्याच्या हाती देऊन त्यांनी घरातच एक मॅरियन उभी केली. पूर्वी कॉम्प्युटर दोघांचा होता. आता तो एकाचा झाला आणि दुसऱ्याला रोज त्याच्याकडे हात पसरावा लागत होता, अभ्यासाची पीडीएफ उघडायलासुद्धा. चुगलीला पगार मिळाला होता.

पण मेहुण्याने दाजींना शिकवावं कसं? मी गेमच्या दोन आवृत्त्यांचा फरक सांगायला लागलो, तर ताईच म्हणाली, "अर्धा तास झाला तू त्या जपानी माणसाचं सांगतोयस, पोरं अजून बोलत नाहीयेत." दाजी मूळचे निफाडकडचे. घरची द्राक्षबाग, भावाभावांत वाटणी झालेली, विहीर मात्र सामाईक. मी सहज विचारलं, तुमच्याकडे पाण्याची पाळी कशी असायची? ते मग बोलतच राहिले. लाइट रात्रीची यायची, ज्याची पाळी त्याने उठायचं. पाळीवरून कधी भांडण झालं नाही म्हणाले. भांडण झालं ते आजोबांनी स्टार्टरच्या पेटीची किल्ली एकट्या मोठ्या काकांकडे दिली तेव्हापासून. काका काही वाईट नव्हते. पण दर पाळीला जाऊन किल्ली मागायची. "मागायला लागलं ना, की माणूस..." इथे दाजी थांबले आणि हॉलमधल्या कॉम्प्युटरकडे बघितलं. मी एक शब्द बोललो नाही. दुसऱ्या दिवशी पासवर्ड पुन्हा बदलला आणि तो ताईकडे गेला. थोरल्याला प्रिलिम होईपर्यंत संध्याकाळचा ठरलेला वेळ, धाकट्याला रविवार.

मुलांसाठी मी माझ्याकडच्या माळ्यावरून जुना कॅसेटवाला सेट काढला. एव्ही वायर शोधण्यात सकाळ गेली, कॅसेटमध्ये फुंकर मारणं तांत्रिकदृष्ट्या निरुपयोगी आहे हे माहीत असूनही तिघांनी मारली. त्यावर पहिल्या भागाची ती आळीपाळीची आवृत्ती होती. थोरल्याला मुद्दाम बोलावलं, तो तोंड पाडून आला. मला बघायचं होतं, की जिमी समोर आल्यावर दोघं काय करतात.

तिथवर पोहोचायलाच दिवस गेला. एकाची पाळी असताना दुसरा नुसता बसून. सुरुवातीला बसणारा मोबाइल बघायचा. मग दुसऱ्या टप्प्याला थोरल्याच्या तोंडून निघालं, "शिडीवर नको, शिडीवर नको, खाली ये गाढवा." आठवड्याभरातलं त्यांचं पहिलं संभाषण ते. पुढची बोलणी अशीच, निम्मी सूचना आणि निम्मी शिवी. जिमी आला तेव्हा पाळी धाकट्याची होती. ज्या लाल माणसाला तो इतके रविवार स्वतः चालवत होता, तोच आता त्याच्यावर चालून येत होता. दोनदा मेला. थोरला म्हणाला, "बघ, मी सांगत होतो ना, हा गद्दार आहे." धाकटा स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "गद्दार कसला, याला अख्ख्या गेममध्ये कोणी खेळायलाच घेतलं नाही." थोरल्याने उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "तो उडी मारला की मागे फिर, आणि कोपर मार."

पाडला शेवटी.

मग दुसरा भाग लावला. त्याची गोष्ट पहिल्याच्या नेमकी उलटी आहे: सुरुवातीलाच मॅरियनला मारलं जातं आणि भाऊ सूड घ्यायला निघतात. बक्षीसच नाही, त्यामुळे शेवटी भावाभावांत झुंजही नाही. कॅसेटच्या आवृत्तीत दोघं एकत्र खेळू शकतात आणि सुरुवातीच्या मेनूत दोन पर्याय असतात: 'ए' घेतला तर भावाला फटका लागत नाही, 'बी' घेतला तर लागतो. माझी खात्री होती, की हा मेनू म्हणजे या प्रकरणाचं औषध. थोरल्याने न बोलता 'ए'वर आणलं. त्याच्या परीने तो तह असावा. धाकट्याने त्याच्या हातातून कंट्रोलर घेतला आणि खाली 'बी'वर नेला.

"कशाला?" थोरला.

"मारता आलं पाहिजे. नाहीतर तू मारत नाहीयेस हे मला कळणार कसं?"

यावर मी अजून विचार करतोय. समुपदेशनाच्या कुठल्याही बैठकीत मी 'ए'च सुचवला असता. धाकट्याला सुरक्षितता नको होती, पुरावा हवा होता. त्या दुपारी त्यांनी एकमेकांना चुकून भरपूर मारलं, एकदा बहुतेक मुद्दामही, आणि आरडाओरडा खाली वाण्यापर्यंत गेला. पण तो रुसवा नव्हता, भांडण होतं. या दोहोंत कोणतं बरं, हे ज्याला भाऊ आहे त्याला सांगायला नको.

थोरल्याने माफी मागितली नाही. धाकट्यानेही नाही. एक नियम मात्र ठरला, तो त्यांनीच ठरवला: कुठल्याही गेमचा शेवट एकाने आधी पाहिला असेल तर त्याने तसं सांगायचं. शेवट काय आहे ते सांगायची गरज नाही, पाहिलाय एवढं सांगायचं. सायकलवर डबलसीट पुन्हा सुरू झालं. रात्रीच्या खेळण्याबद्दल बाबांना सांगितलं ते बरोबर की चूक, यावर दोघांचं एकमत झालेलं नाही, आणि होईलसं वाटत नाही. थोरल्याच्या मते घरातलं घरात राहिलं पाहिजे. धाकट्याच्या मते बाबा घरातलेच आहेत.

प्रिलिम संपल्यावर आर्केडची फेरलढत झाली. विली पडला, या वेळी दोघांचेही कंट्रोलर हातात. थोरला नुसता उभा राहिला, मार खात. धाकट्याने दोन गुद्दे मारले आणि थांबला. "नीट खेळ ना." मग थोरला नीट खेळला आणि कोपराच्या तीन फटक्यांत जिंकला. मॅरियन आली, चुंबन वगैरे. ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

परवा तिचा पुन्हा फोन होता. थोरला क्लासला गेला, की धाकटा एकटाच बसून तो कोपराचा फटका घोटत असतो, रविवार नसतानाही. पासवर्ड त्याला कोणी सांगितला, हे ताईला कळलेलं नाही. थोरला म्हणतो, मला काय माहीत.